युद्धाच्या पिक्चरमध्ये बटणं बरोबर असतात, मग माणसं का नसतात?

माझ्या भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपला यंदा करंडकासाठी युद्धावर एकांकिका करायचीय आणि ती लिहायचं काम हिच्याकडे आलंय, म्हणून मागच्या आठवड्यात ती कोथरूडला आमच्या घरी आली आणि आम्ही '१९१७' हा पहिल्या महायुद्धावरचा इंग्लिश पिक्चर लावला. त्यात एका सीनमध्ये लॉरीत गोरे शिपाई दाटीवाटीने बसलेत आणि त्यांच्यातच एक शीख शिपाई आहे, पगडी बांधलेला. तो दिसल्या दिसल्या ही म्हणाली, "मामा, हा उगाच घुसवलाय ना? हल्ली सगळीकडे डायव्हर्सिटी दाखवावी लागते म्हणून?"

मी पिक्चर थांबवला. तो त्या रात्री पूर्ण झालाच नाही, कारण पुढचे दोन तास आम्ही ह्याच विषयावर बोलत बसलो. ह्या विषयावर लोक पटकन भांडायला उठतात, पण आधी नीट समजून घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सोपं करून लिहितोय.

सुरुवात लग्नाच्या अल्बमपासून करू. लग्न झाल्यावर अल्बम येतो. त्यात नवरा-नवरी, व्याही-विहिणी, स्टेजवर पाकीट द्यायला आलेले ऑफिसचे लोक सगळे असतात. पण चार दिवस स्वयंपाकघरात राबलेली काकू एकाही फोटोत नसते, आचारी नसतो, रात्री दोन वाजता मांडवाची लाईट गेली तेव्हा वर चढलेला पोरगा नसतो. पन्नास वर्षांनी तो अल्बम बघणाऱ्या नातवंडांना वाटणार की लग्न एवढ्याच लोकांनी केलं. ऐतिहासिक पिक्चर हा असाच अल्बम आहे, फक्त तो लाखो लोक बघतात आणि बहुतेकांकडे त्या लढाईची दुसरी कुठलीच आठवण नसते, शाळेतला धडा कधीच विसरलेला असतो. डायव्हर्सिटी म्हणजे अल्बममध्ये किती प्रकारची माणसं आहेत ते, आणि रिप्रेझेंटेशन म्हणजे ती कशी दिसतात, पुढच्या रांगेत की मागे धूसर, त्यांना नाव आहे का, ती बोलतात का.

आता ह्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र कालवतात म्हणून सगळा गोंधळ होतो. एक, जी माणसं तिथे खरंच होती पण पिक्चरमध्ये नाहीत. दोन, जी तिथे नव्हती किंवा तशी नव्हती पण पिक्चरमध्ये घातली. आणि तिसरी गोष्ट अगदीच वेगळी, ती म्हणजे नट स्वतः कोण आणि भूमिका कोणाची. तिसऱ्या गोष्टीचं आपल्याला खरं तर नवल वाटायला नको, बालगंधर्वांनी आयुष्यभर नायिका उभ्या केल्या आणि पुण्या-मुंबईच्या बायकांनी त्यांच्या साड्या नेसायच्या पद्धती उचलल्या, फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली. प्रेक्षक आणि नट यांच्यात ठरलेलं असलं की चालतं. (अर्थात तेव्हा बायकांना स्टेजवर यायची मुभा नव्हती म्हणून ते तसं होतं, हेही विसरायचं नाही.) पण अमुक भूमिका कोणी करावी हा एक वाद आणि अमुक माणूस त्या लढाईत होता का हा दुसरा वाद, आणि दुसऱ्या वादाचं उत्तर कागदपत्रांत सापडतं.

मग त्या लॉरीतल्या शिखाचं काय? १९१४ च्या सप्टेंबरमध्ये लाहोर आणि मेरठ ह्या दोन हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, डिव्हिजन (डिव्हिजन म्हणजे हजारो सैनिकांची मोठी फौज) फ्रान्समधल्या मार्सेल बंदरात उतरायला लागल्या आणि तिथून थेट बेल्जियम-फ्रान्सच्या खंदकात गेल्या. खुदादाद खान ह्या शिपायाला ऑक्टोबर १९१४ मधल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं, हिंदी शिपायाला मिळालेला तो पहिला. १९१५ च्या मार्चमध्ये न्यूव्ह शापेलला हिंदी सैन्य मोठ्या संख्येने लढलं. त्याच वर्षाच्या शेवटी हिंदी पायदळ तिथून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला हलवलं, पण हिंदी घोडदळ १९१८ च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्येच होतं आणि १९१७ मध्ये तर हिंदी मजुरांच्या तुकड्याही तिथे आल्या. पिक्चरची गोष्ट एप्रिल १९१७ ची. म्हणजे त्या महिन्यात फ्रान्समध्ये शीख शिपाई होते, ह्यात शंका नाही. फक्त ते आपापल्या पलटणीत असायचे, असा एकटा शीख गोऱ्या शिपायांच्या लॉरीत बसलेला असणं हे तसं अवघड.

ते ऐकून ती म्हणाली, "म्हणजे अर्धं खरं." हो, अर्धं खरं. तिकडे इंग्लंडमध्ये एका नटाने नेमकं हेच बोलून दाखवलं होतं की हा शीख ओढूनताणून आणलाय, आणि बराच गदारोळ झाल्यावर त्याने शिखांची माफी मागितली. माझं मत विचाराल तर पिक्चरवाल्यांची चूक शीख दाखवण्यात नाहीये, त्याला एकट्याला लॉरीत बसवून ते थांबले त्यात आहे. त्याच फ्रान्समध्ये घोडदळाच्या अख्ख्या छावण्या होत्या, त्या कधी दाखवणार?

ह्याच्या बरोबर उलटं उदाहरण म्हणजे २०१७ चा 'डंकर्क'. मे-जून १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या ३,३८,००० च्या वर सैनिकांना बोटींनी इंग्लंडला आणलं, त्याची ही गोष्ट. त्यांच्यातले लाखाच्या वर फ्रेंच होते, आणि फ्रेंच फौजेत मोरोक्को, अल्जीरिया, सेनेगल इथली माणसं होती. शिवाय आपली पण होती! ब्रिटिशांनी सगळं मोटारींवर आणलेलं आणि हिवाळ्यातल्या बर्फात-चिखलात खेचरंच चालतील हे उशिरा लक्षात आलं, पण खेचरं हाकणारी माणसं त्यांच्याकडे उरलेली नव्हती, म्हणून डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून खेचरांच्या चार कंपन्या बोटीने फ्रान्सला पाठवल्या, बहुतेक पंजाबी मुसलमान. डंकर्कहून निघताना त्यांना खेचरं तिथेच सोडून यावी लागली, आणि चारातली एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. हे सगळं पिक्चरमध्ये नाही, फ्रेंच सैनिक थोडे दिसतात तेवढेच.

लोक लगेच म्हणतात की अहो तो पिक्चर दोन-चार पोरांच्या नजरेतून आहे, सगळ्यांना कसं दाखवणार? हा मुद्दा खरा आहे. तीन लाखांत आपले खेचरवाले काही शे, म्हणजे किती थोडे. सगळ्यांची गोष्ट सांगायला गेलं तर पिक्चरचा बट्ट्याबोळ होतो. पण मग मला सांगा, त्या पिक्चरमध्ये लांबून घेतलेले शॉट आहेत, वाळूवर हजारो माणसं रांगा लावून उभी आहेत. त्या गर्दीत कोणाला उभं करायचं हे कोणीतरी ठरवतं. तिथे नायक बदलायला लागत नाही की डायलॉग लिहायला लागत नाही, फक्त कपडेपटवाल्याला दहा पगड्या आणि ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणाऱ्याला वेगळे चेहरे सांगायचे.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. युद्धाच्या पिक्चरवाले कोटाची बटणं बरोबर आहेत का, बंदूक त्या सालची आहे का, विमानाचा आवाज खऱ्या विमानाचा आहे का ह्यासाठी जीव काढतात, त्याच्यासाठी खास सल्लागार ठेवतात, आणि बटण चुकलं की अभ्यासू प्रेक्षक लगेच पकडतात. मग त्या कोटाच्या आतला माणूस चुकला तर ती चूक का धरत नाहीत? ती चूकच आहे, बटणाएवढी तरी धरा.

आता असं का होतं, हे समजून घ्यायला मी तिला दुसऱ्या दिवशी खडकीला घेऊन गेलो. होळकर पुलाच्या तिथे मुळा रोडवर वॉर सिमेट्री आहे, पुण्यात आख्खं आयुष्य काढलेल्या कित्येकांनी ती आतून बघितलेली नसते. हिरवंगार गवत, पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा, आणि इतकी शांतता की बाहेरचा ट्रॅफिक विसरायला होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेच्या वर कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेच्या वर सैनिकांची नावं वेगळ्या स्मारकावर आहेत. भाची नावं वाचत वाचत पुढे गेली आणि थबकली. आफ्रिकेतली नावं. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या दोनशेच्या आसपास सैनिकांची तिथे नोंद आहे. बर्माच्या जंगलात जपान्यांशी लढायला पश्चिम आफ्रिकेच्या दोन आणि पूर्व आफ्रिकेची एक अशा डिव्हिजनच्या डिव्हिजन आल्या होत्या, त्यांच्यातले काही इकडे हिंदुस्थानातच मेले आणि त्यांची नावं आपल्या खडकीत राहिली. बर्माच्या लढाईवर पिक्चर आला आणि त्यात एक आफ्रिकन शिपाई दिसला तर आपल्यातलेच लोक म्हणतील की हा कुठून घुसवला.

ती म्हणाली, "ह्यांची नावं तरी आहेत." आणि हाच सगळ्याचा मूळ मुद्दा आहे.

पिक्चर लिहिणारा माणूस हवेतून लिहीत नाही, तो पुस्तकं वाचतो, डायऱ्या वाचतो, पत्रं वाचतो, स्मारकं बघतो. डायरी कोण लिहितं? ज्याला लिहिता येतं आणि लिहायला वेळ आहे तो, म्हणजे बहुतेक वेळा ऑफिसर. हिंदी शिपाई घरी पत्रं पाठवायचे, बऱ्याचदा दुसऱ्याकडून लिहून घेऊन, आणि ती सेन्सॉरच्या हातातून जायची, त्याने भाषांतर करून ठेवलेले उतारे आज आपल्याला वाचायला मिळतात, म्हणजे शिपायाचा आवाज आहे पण तो साहेबाच्या चाळणीतून. मग स्मारकं. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे, त्यातले बहुतेक हिंदी. गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली, हिंदी ऑफिसरांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा लिहिला. अमुक पलटण, इतके जण. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच रिपोर्ट काढून मान्य केलं की पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० लोक, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले, नावाने नोंदवलेच गेले नाहीत किंवा अजिबातच नोंदवले नाहीत, आणि त्यांनी त्याबद्दल माफी मागितली. तर साखळी अशी आहे: नाव कोरलं नाही म्हणून पुस्तकात आलं नाही, पुस्तकात नाही म्हणून पिक्चरमध्ये नाही, आणि पिक्चरमध्ये नाही म्हणून जेव्हा एखादा दिसतो तेव्हा माझ्या भाचीला वाटतं की हा घुसवलाय. तिची काय चूक?

बसऱ्याचं नाव घेतलं म्हणून सांगतो, ही लढाई पुण्याच्या माणसाने तरी विसरू नये. तिथे लढलेल्या डिव्हिजनचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं! तिच्यातल्या तीन ब्रिगेडची नावं पूना, अहमदनगर आणि बेळगाव. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये ती बसऱ्याच्या बाजूला उतरली, वर्षभर वर सरकत गेली, बगदादच्या दाराशी मार खाऊन मागे आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत नावाच्या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा १४७ दिवस चालला. आत मराठा पलटणी होत्या, राजपूत, गुरखा, पंजाबी होते, गोरे होते, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर लोकांच्या तुकड्या होत्या. खायचं संपत आलं तेव्हा घोडी-खेचरं कापायला सुरुवात झाली आणि कितीतरी हिंदी शिपाई शेवटी शेवटीपर्यंत ते मांस खाईनात, धर्म आड येत होता आणि गावाकडचे काय म्हणतील ही भीती होती, इकडून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवायला लागली तरी मनं वळेनात. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत. आणि त्या तेरा हजारांत काही हजार असे होते की जे शिपाईसुद्धा नव्हते, म्हणजे पाणी भरणारे भिश्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, खेचरवाले. त्यांना कागदोपत्री फॉलोअर म्हणायचे. वेढ्यात भूक त्यांनाही तेवढीच लागली. एवढी मोठी गोष्ट, पुण्याच्या नावाची, आणि आपल्याकडे किती जणांना माहितीये?

साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत एक पाटी असते की ह्या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली आणि इतकी परत आली नाहीत. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले. पण पाटीवर पण आकडाच असतो बघा.

इथपर्यंत भाची माझ्या बाजूने झाली होती आणि इंग्लिश पिक्चरवाल्यांवर चांगलीच तापली होती. मग मी म्हटलं, आता आपल्या पिक्चरकडे बघ.

'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे आपल्याकडे शेंबड्या पोराला पाठ असतं. तो जिवा महाला न्हावी समाजातला. पन्हाळ्यावर महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद, तोही न्हावी. आरमारात दौलतखान होता. पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांच्या तोफा आणि कवायती गारदी घेऊन शेवटपर्यंत लढला तो इब्राहिमखान गारदी, आणि अब्दालीच्या लोकांनी हाती लागल्यावर त्याला हाल करून मारलं. शिवाय पानिपतावर फौजेबरोबर बुणगे होते, बायका-पोरं, यात्रेकरू, बाजारकरी, मोतद्दार. मग आपल्या पिक्चरमध्ये ह्यांच्या वाट्याला काय येतं? बऱ्याचदा एक प्रसंग, एक डायलॉग, एक धारातीर्थी पडण्याचा सीन, आणि नंतर कॅमेरा पुन्हा सरदारांच्या सदरेवर. बायका औक्षण करायला आणि वाट बघायला. ताराबाईंनी १७०० नंतर औरंगजेबाशी सात वर्षं राज्य लढवलं, पण लढाईचा पिक्चर म्हटलं की डोळ्यासमोर पुरुषच येतात.

आणि काही जागा अशा आहेत की जिथे माणूस नसणं हीच खरी गोष्ट असते. ब्रिटिशांच्या जुन्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. १८९० नंतर 'लढाऊ जाती' नावाचं, म्हणजे अमुक जातीच लढाईच्या लायक असं मानायचं खूळ सरकारच्या डोक्यात शिरलं आणि महारांची भरती बंद केली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेला अर्ज केला की आम्हाला फौजेत घ्या. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्धानंतर मोडून टाकली, पुढे १९४१ मध्ये पुन्हा महार रेजिमेंट. आता १९१५ च्या कूतवर पिक्चर करणारा म्हणेल की तेव्हा महार पलटण नव्हतीच, मी काय करू? बरोबर, पलटण घालू नकोस. पण भरतीच्या रांगेतून जात विचारून परत पाठवलेला एक तरणा पोरगा दाखव ना, ज्याचा आजा त्याच फौजेत होता. तो सीन शंभर टक्के इतिहासाला धरून आहे आणि कोणालाही घुसवावं लागत नाही.

दाखवणं म्हणजे नुसतं उभं करणं नाही, हेही बोलणं झालं. एक माणूस आणायचा, त्याच्या तोंडी त्याच्या समाजाचा मोठेपणा सांगणारं एक वाक्य घालायचं आणि दहा मिनिटांत मारायचा, ह्याने काही होत नाही, उलट प्रेक्षकाला ते शिवण दिसतं आणि पिक्चरबाहेर फेकल्यासारखं होतं. माणूस खरा वाटतो तो त्याच्या बारीकसारीक गोष्टींनी. तो कुठली भाषा बोलतो? त्याला भूक लागली की काय आठवतं? तो कोणावर चिडतो, कोणाचे पैसे देणं लागतो? यशवंत घाडगे माणगावकडचे, नामदेव जाधव नगरकडचे, दोघांनाही इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना १९४४ मधल्या पराक्रमासाठी मरणोत्तर. ह्यांच्यावर पिक्चर काढायचा तर पदकाचा दिवस सगळ्यात सोपा. त्याच्या आधीचे महिने, इटलीच्या थंडीत मराठी बोलणारी पोरं एकमेकांशी काय बोलत असतील, ते अवघड आहे आणि तेच बघावंसं वाटतं.

तर आता एकांकिका. पहिल्या खर्ड्यात दोन इंग्लिश ऑफिसर आणि एक मराठा सुभेदार होता, कूतचा वेढा, सगळं संभाषण नकाशावर. खडकीहून आल्यावर तिने ते बाजूला ठेवलं. आता गोष्ट रात्रीच्या वेळी स्वयंपाकाच्या चुलीपाशी घडते, खेचर कापलंय आणि खायचं की नाही ह्यावर पाच जण बोलतायत, त्यांच्यात एक खेचरवाला आहे, ज्याने तेच जनावर दीड वर्ष सांभाळलंय.

तिने मला फोन करून विचारलं की ह्याला नाव काय देऊ, खरं नाव कुठे मिळेल का. माझ्या आजीचे थोरले काका बसऱ्याला गेले होते, शिपाई म्हणून नाही, खेचरांबरोबर, आणि परत आले नाहीत. मी आईला विचारलं, मावशीला विचारलं, गावाकडे फोन केला. आजी त्यांना तात्या म्हणायची, एवढंच सगळ्यांना आठवतं. खरं नाव घरात कोणालाच माहीत नाही.

भाचीने संहितेत 'तात्या' लिहिलंय. ग्रुपमध्ये मुलं कमी पडतायत त्यामुळे तात्याचं काम एक मुलगी करणार आहे, आणि काल तालमीला गेलो तर ती कोपऱ्यात बसून नसलेल्या खेचराच्या मानेवरून हात फिरवायची प्रॅक्टिस करत होती.